मरळगोईत ऐकलेलं एस्टिमेट

नाशकातले मोठ्या परदेशी गाड्यांचे मालक रविवारी सकाळी मिसळ खायला जमतात. गाड्या ओळीनं लावतात, नंबर दिसतील अशा. मग एक जण दुसऱ्याच्या बॉनेटवर हात फिरवत विचारतो, "कशी काय? त्रास वगैरे?" दुसरा पाव मोडत सांगतो, "छे! तेल-पाणी सोडलं तर एक रुपया खर्च नाही." असं पाचही जण एकमेकांना सांगतात, रस्सा पुन्हा मागवतात आणि समाधानानं घरी जातात. त्या पाचांपैकी तिघांची खाती माझ्या इंदिरानगरच्या सीए ऑफिसात आहेत. त्यांनी मला दोनदा बोलावलं, मी गेले नाही. क्लायंटच्या तोंडावर हसणं आमच्या धंद्याला परवडत नाही.

त्या तिघांतले एक वाल्मीकशेठ दरेकर. विंचूरला कांद्याचा व्यापार, सतरा वर्षं. माणूस सरळ. ज्या तारखेचा शब्द दिला त्या तारखेला पैसे, त्यासाठी मध्ये एकदा बायकोच्या, मैनावहिनींच्या पाटल्या बँकेत ठेवल्या पण तारीख चुकवली नाही. मागच्या वर्षीच्या जुलैत त्यांनी शेखर बच्छाव नावाच्या बिल्डरकडून छत्तीस लाखांना एक जुनी एसयूव्ही घेतली. नवी घ्यायची तर सव्वा कोट. गाडीचं नाव सांगत नाही. जिल्ह्यात तशा मोजक्याच आहेत आणि उरलेल्यांचे मालक माझ्यावर रुसतील.

"नव्वद लाख वाचले, ताई," त्या दिवशी शेठ माझ्या टेबलावर पेढे ठेवत म्हणाले होते.

"आधी होते का?"

"काय?"

"नव्वद लाख."

शेठ हसले. तेव्हा हसत होते.

पहिल्या महिन्यात टायर झाले, एक लाख बावन्न हजार. शेखरनं गाडी देताना टायरांना काळं पॉलिश मारलं होतं, ते पहिल्या पावसात उतरलं. मग कुठलासा सेन्सर, चौसष्ट हजार. मग कळलं की या गाडीला बॅटऱ्या दोन असतात आणि एक गेली की दुसरीही बदलावी लागते, म्हणून एकाहत्तर. खळ्यावर उंदरानं वायर कुरतडली, अठ्ठ्याऐंशी. उन्हाळ्यात एसी थंड करेना. वर्कशॉपनं उघडला तर आतून कांद्याची टरफलं निघाली, घमेलंभर. खळ्यावर दिवसभर कांदा निवडला जातो, टरफलं वाऱ्यावर असतात, आणि परदेशातल्या इंजिनिअरनं विंचूरचा विचार केलेला नव्हता. सेहेचाळीस हजार. गिअरबॉक्सची सर्व्हिस एक लाख दहा. पुढच्या दोन चाकांचं सस्पेन्शन दोन लाख पस्तीस. किरकोळ वेगळं.

शेठ एकदा शेखरकडे भांडायला गेले होते. शेखर शांतपणे म्हणाला, "वाल्मीकभाऊ, मला ज्यानं विकली त्यानंही मला हेच सांगितलं होतं. मी त्यात माझं एक अक्षर घातलं नाही."

ही बिलं माझ्याकडे चिवड्याच्या खोक्यातून यायची. खळ्यावरच्या ऑफिसात ती फुटू नयेत म्हणून. तिथं सुनील नावाचा दिवाणजी आहे, कामाला चोख, पण पोटात काही राहत नाही. "हे बारदानात, पोत्यांच्या खर्चात टाका ना," शेठ म्हणायचे. मी म्हटलं, "शेठ, एवढ्या बारदानात अख्खा निफाड तालुका भरता येईल. दुरुस्ती म्हणूनच लागेल." ते मान खाली घालून उरलेला चिवडा खायचे.

मैनावहिनींना खरं माहीत होतं. त्यांना आकडा माहीत नव्हता, एवढंच. त्या मला फोनवर म्हणाल्या, "ताई, आमच्याकडं म्हैस होती तिचा डॉक्टर महिन्यातून एकदा यायचा. हिला महिन्यातून दोनदा आमच्या घरून डॉक्टरकडं जावं लागतं."

खरी पंचाईत बिलाची नव्हती. गाडी महिन्यातून आठ-दहा दिवस वर्कशॉपात असायची, आणि कांद्याच्या व्यापाऱ्याची गाडी दिसेनाशी झाली की लोक मोजायला लागतात. शेठचं निम्मं काम शिवार खरेदीचं. शेतकऱ्याच्या साठवणीच्या चाळीवर जाऊन कांदा बघायचा, भाव ठरवायचा, माल उचलायचा आणि आठव्या दिवशी पैसे द्यायचे. त्या आठ दिवसांसाठी शेतकऱ्याच्या हातात फक्त व्यापाऱ्याचा शब्द असतो. व्यापारी बुडाला तर माल गेला आणि माणूसही गेला. म्हणून शेतकरी बघत राहतो. व्यापारी चहा कुठं पितो, मुलीचं कॉलेज चालू आहे ना, गाडी जागेवर आहे ना.

"गाडी कुठंय शेठ?" कोणी विचारलं की खरं सांगायचं तर दुरुस्तीला आहे, आणि मग छत्तीस लाखांना आपण काय घेऊन बसलो हे सगळ्या विंचूरला कळणार. म्हणून शेठ म्हणाले, "वेदिकाला दिलीय पुण्याला. पोरगी म्हणते, पप्पा, बसनं नको वाटतं."

त्याच शनिवारी वेदिका, त्यांची मुलगी, पाठीवर बॅग घेऊन विंचूरच्या स्टँडवर एसटीतून उतरली. चार जणांनी पाहिलं. चारात महेश वडघुले होता.

महेशही व्यापारीच. साधी पांढरी जीप, चौदा वर्षं जुनी, तिचं दार सुतळीनं बांधलेलं. तो कोणाला काही सांगत नाही, फक्त विचारतो. "काय रे, वाल्मीकशेठची गाडी दिसत नाय?" मग थोडं थांबून, "बँकवाले हल्ली लय कडक झालेत म्हणतात." एवढंच. पंधरा दिवसांत ही गाडी बँकेनं ओढून नेल्याचं खेड्याखेड्यात पक्कं झालं. मधेच ती परत दिसायची, तेव्हा लोक म्हणायचे, "हप्ता भरून सोडवून आणली वाटतं."

हे सगळं नेमकं सप्टेंबरात घडत होतं. शेठला दक्षिणेतल्या एका मोठ्या खरेदीदाराची ऑर्डर आली होती, साठ ट्रक, दहा दिवसांत. एवढी मोठी ऑर्डर त्यांना सतरा वर्षांत आली नव्हती. माल उचलायला आगाऊ रोकड नव्हती, तो आठ दिवसांच्या शब्दावरच मिळाला असता. मरळगोई आणि आजूबाजूच्या वस्त्यांवरचे तीस-पस्तीस शेतकरी चाळीत कांदा राखून होते आणि ते तिथल्या जुन्याजाणत्या केरू आबांच्या शब्दाबाहेर नव्हते. आबांनी हो म्हटलं तर साठ ट्रक. नाही म्हटलं तर ऑर्डर महेशकडे, आणि ऑर्डर गेली की मागच्या मालाचे पैसे मागायला माणसं दुसऱ्या दिवशी खळ्यावर.

शेठ मला म्हणाले, "गाडी विकून टाकतो. गिऱ्हाईक सुरतेचं आहे, चोवीस देतंय."

"मग विका."

"विकली की महेश म्हणणार, बघा, मी म्हणत नव्हतो?"

"मग ठेवा."

"ठेवली की ही मला विकणार, ताई."

बँकेला साठ्याचा आकडा द्यायचा होता म्हणून मला त्यांच्या खळ्यावर जायचं होतं. गाडी दोनच दिवसांपूर्वी वर्कशॉपातून आली होती. शेठ सकाळी नऊला इंदिरानगरला न्यायला आले. पांढरे कपडे, कपाळाला गंध. "जाता जाता मरळगोईला दहा मिनिटं थांबू," म्हणाले. "आबांना गाडी दिसली पाहिजे. आत बसून दाखवतो त्यांना. सीट मागं गेली की माणूस नाही म्हणत नाही."

चांदोरी ओलांडल्यावर समोरच्या काचेखाली एक पिवळं चित्र उमटलं. गाडी, आणि तिच्या खाली बाण. शेठनी गाडी बाजूला घेऊन त्याचा फोटो काढला आणि वर्कशॉपच्या तेजलला पाठवला. तेजल म्हणजे वर्कशॉपात गिऱ्हाइकांशी बोलणारी मुलगी. आवाज असा की दोन लाखांचं बिल ऐकतानाही माणूस "थँक यू" म्हणतो.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"काही नाही, सवय आहे तिला," शेठ म्हणाले, पण एसी बंद केला. का, ते मला कळलं नाही. आजारी माणसासमोर आपण हळू बोलतो, तसं असावं.

केरू आबांच्या चाळीसमोर लिंबाखाली पंचवीस-तीस माणसं बसली होती. आमची गाडी झोकात आत आली, वळली आणि उभी राहिली. दोन-तीन जण उठून बघायला लागले. शेठनी दार उघडलं, पाय खाली टाकला, आणि त्याच वेळी मागून मोठा सुस्कारा आला. या गाडीला मागं स्प्रिंगा नाहीत, हवेच्या पिशव्या आहेत. दोन्ही पिशव्यांनी जीव सोडला. गाडीचा मागचा भाग हळूहळू, सगळ्यांना नीट बघता येईल अशा बेतानं खाली गेला आणि चाकांवर टेकला. मी मागच्याच सीटवर होते. माझे गुडघे छातीशी आले आणि समोरच्या काचेतून फक्त लिंबाचा शेंडा दिसायला लागला.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"खाली झाली का वो शेठ मुद्दाम?" एकानं विचारलं. "उतरायला सोपं पडावं म्हणून?"

"हो, हो, तशी सोय असते," शेठ म्हणाले.

"मग बाईंना उतरता का येईना?"

मला चाळीतल्या दोघी बायकांनी हात देऊन ओढून काढलं. एवढ्यात कुंपणाशी पांढरी जीप थांबली. महेश उतरला नाही. खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "रामराम आबा. सहज चाललो होतो. शेठ, गाडी बसवून ठेवलीय? बरं केलं, उभी असली की बँकवाल्यांना लांबून दिसते."

आता माणसं हसली. शेठच्या कपाळावरचं गंध घामानं ओघळलं. केरू आबा बाजेवर बसले होते, ऐंशीच्या घरातला माणूस, हातात काठी. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "वाल्मीक, गाडी तुझीच हाय ना अजून?"

प्रश्न गाडीचा नव्हता. सगळ्यांना कळलं. साठ ट्रक त्या एका प्रश्नावर उभे होते.

शेठ तोंड उघडणार तेवढ्यात गाडीत फोन वाजायला लागला. फोन गाडीला जोडलेला, इंजिन चालू, चारही दारं उघडी. "ऑर्डरवाल्यांचा असेल," म्हणत शेठनी आत वाकून बटण दाबलं.

बारा स्पीकर आहेत त्या गाडीला. शेखरनं विकताना बाराही मोजून दाखवले होते.

"गुड मॉर्निंग वाल्मीक सर! तेजल बोलतेय. फोटो बघितला सर. मागचे दोन्ही एअर स्ट्रट गेलेत. एस्टिमेट काढलंय, दोन लाख एक्याऐंशी हजार."

लिंबावरचे पक्षी उडाले. शेठनी आवाज कमी करायला नॉब फिरवला, घाईत उलटा फिरवला.

"सर, चांगली गोष्ट अशी की पार्ट आपल्याकडे स्टॉकमध्ये आहेत!" हे पार उसाच्या फडापर्यंत गेलं.

शेठचा हात फोन तोडायला गेला. तोपर्यंत आबा काठी टेकत गाडीपर्यंत आले होते. त्यांनी शेठचं मनगट धरलं. "थांब. बोलू दे पोरीला." मग दारातून आत बघत, काचेखालच्या पडद्याला उद्देशून म्हणाले, "काय गं बाय, मागं पण काय काम झालं होतं का हिचं?"

"कोण बोलतंय?"

"घरचाच समज."

"हो काका, पुढचे स्ट्रट जुलैमध्ये झाले, दोन लाख पस्तीस. त्याआधी गिअरबॉक्स. टायर, बॅटऱ्या, वायरिंग…"

"सगळं मिळून आजवर किती?"

"एक मिनिट काका." कीबोर्डचा आवाज आला. बारा स्पीकरांतून कीबोर्डही मोठा वाटतो. "चौदा महिन्यांत सात लाख एकोणऐंशी हजार. हे आजचं धरून दहा लाख साठ हजार."

शेठनी डोळे मिटले होते. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मनात साठ ट्रकांच्या ऑर्डरवर काट मारत होते.

आबांनी शेवटचं विचारलं. "त्यातलं येणं किती बाकी हाय तुमचं?"

"काहीच नाही काका! वाल्मीक सरांचं पेमेंट गाडी न्यायच्या आधी जमा असतं. आमच्याकडे बाकीच्यांचं तसं नसतं." मग आवाज खाली आणून, पण तो बाराही ठिकाणी तेवढाच खाली येऊन, "शेखर सर म्हणून होते या गाडीचे आधीचे मालक, त्यांचं अजून चाळीस हजार यायचंय."

फोन बंद झाला. चाळीत कुठंतरी कांदा घरंगळला, तो ऐकू आला.

"दहा लाख," एक जण म्हणाला.

"अन् साठ हजार."

"दुरुस्तीला?"

"नुस्त्या दुरुस्तीला. गाडी वेगळी."

"अन् रोख भरतो म्हणं."

"म्हंजी मधी गायब असायची ती…"

"ग्यारेजला!"

लिंबाखालची सगळी माणसं वाल्मीकशेठकडे नव्यानं बघत होती. जो माणूस हवेच्या दोन पिशव्यांना पावणेतीन लाख देतो, तेही कांद्याचे भाव पडलेले असताना, त्याच्याकडं आहे तरी किती? महेशनं हे ताडलं. त्याच्या जीपला सुतळीचं दार होतं आणि ते त्या क्षणी सगळ्यांना दिसलं. तो म्हणाला, "आबा, पण असल्या गाडीवर दहा लाख घालणारा माणूस शहाणा कसा?"

"शहाणा नसंल," आबा बाजेकडे परत जात म्हणाले. "पण हाय त्याच्याकडं. तुझ्या दाराला कडी बसवायला किती लागत्यात रं महेश? दीडशे?"

माल त्या दिवशी दुपारीच भरायला लागला. टोइंगचा फ्लॅटबेड ट्रक आला तेव्हा त्याला वाट करून द्यायला कांद्याचे सात ट्रॅक्टर मागं घ्यावे लागले. गाडी वर चढताना म्हाताऱ्या बायासुद्धा बघायला आल्या. आम्ही दोघं एका ट्रॅक्टरवर बसून विंचूरला गेलो. खळ्यावर पोचल्यावर शेठ म्हणाले, "ताई, सतरा वर्षं तारखेला पैसे दिले."

"हो."

"ते कोणी नाही विचारलं."

साठ ट्रक वेळेत गेले. शेठनी सगळ्यांचे पैसे आठव्याऐवजी सहाव्या दिवशी दिले. दोन दिवस आधी दिले याचं कौतुक मी सोडून कोणी केलं नाही. लोक विचारत होते ते दुसरंच. "आली का गाडी? किती झालं?" शेठ आता न लपवता आकडा सांगत. चिवड्याचं खोकं बंद झालं, बिलं सुनील दिवाणजीच्या टेबलावर उघडी पडायला लागली आणि सुनीलनं आपलं काम केलं. पावणेतीन लाखांचे चांदवडला पोचेपर्यंत पाच झाले.

रविवारच्या मिसळीला शेठनी खर्च खरा सांगितला म्हणे. बाकीच्या चौघांनी पाव खाली ठेवले. मग ज्यांची खाती माझ्याकडे नाहीत त्या दोघांपैकी एकानं बारीक आवाजात विचारलं, "तुमचा सनरूफ गळतो का हो?" पुढच्या रविवारी शेठला कोणी बोलावलं नाही.

सुरतेच्या गिऱ्हाइकाला त्यांनी नाही म्हणून कळवलं. गाडी विकायचा प्रश्नच राहिला नव्हता.

आणि मग गाडी सुधारली. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. एकही दिवा पेटला नाही. एसी बर्फासारखा. मागच्या पिशव्या टणक. उंदीरसुद्धा फिरकला नाही. मी मनातून खूश होते, पहिल्यांदाच सलग दोन महिने दुरुस्तीच्या खात्याला शाई लागली नव्हती.

डिसेंबरात लाल कांद्याचा हंगाम जोरात आला. शेठला परत शिवारातून माल हवा होता आणि मी परत साठा बघायला खळ्यावर होते. केरू आबा दोघा-तिघांना घेऊन आले होते. चहा झाला. भाव बोलून झाला. तरी आबा उठेनात.

"काय आबा, काही अडचण?" शेठनी विचारलं.

"अडचण नाय." आबांनी बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे बघितलं. "दोन महिनं झालं, गाडी इथंच दिसती."

"हो. ठणठणीत आहे."

"ग्यारेजला नाय धाडली?"

"गरज नाही पडली, आबा."

आबांनी बरोबरच्यांकडे बघितलं. ते त्यांच्याकडे बघत होते. "गरज नाय का," आबा हळूच म्हणाले, घरच्या माणसाला विचारावं तसं, "का यंदा जरा ओढाताण हाय? सांग मोकळ्या मनानं. पोरं म्हणत होती, आठ दिसांऐवजी रोखच मागावं का."

शेठनी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी साठ्याच्या कागदात डोकं घातलं. हा सल्ला माझ्या फीमध्ये येत नाही.

ते उठले, गाडीपाशी गेले, इंजिन चालू केलं, चारही दारं उघडली आणि वर्कशॉपला फोन लावला.

"गुड आफ्टरनून वाल्मीक सर! खूप दिवसांनी फोन! काही प्रॉब्लेम?"

"तेच विचारायचंय ताई. काल तुमचा माणूस तपासून गेला. काय काय निघालं?"

"काहीच नाही सर. गाडी एकदम ओके."

"नीट बघा. मागं?"

"ओके आहे सर."

"गिअरबॉक्स?"

"त्याची तर सर्व्हिस झालीय, ओके आहे. फक्त पुढच्या काचेवर खड्याचा एक बारीक टिपका आहे. बदलली तर काच एक लाख अडतीस हजारांची आहे. पण काळजी करू नका सर, ती इन्शुरन्समध्ये बसेल. तुम्हाला झीरो पडेल."

शेठनी मान वर केली. आबा आणि ती दोघं-तिघं ओट्यावर उभी राहिली होती, कान देऊन.

"झीरो नको ताई," शेठ म्हणाले. "इन्शुरन्सला कशाला त्रास द्यायचा? मी भरतो. किती म्हणालात? जरा मोठ्यानं सांगा, इथं निवडायचं मशीन चालू आहे."

मशीन बंद होतं.